अध्यक्षांनी न पाहिलेले सिनेमे

मंडळाच्या अध्यक्षांनी बावीस वर्षांत जगभरातले साडेपाचशे सिनेमे सभासदांना दाखवले, त्यांतल्या प्रत्येकावर पंचवीस मिनिटं भाषण केलं आणि त्यांतला एकही शेवटपर्यंत पाहिला नाही.

हे तीन माणसांना ठाऊक होतं. एक स्वतः अध्यक्ष. दुसरी त्यांची बायको, कारण तिला ठाऊक नसलेली गोष्ट त्यांच्या आयुष्यात घडायला जागाच नव्हती. आणि तिसरा मंडळाचा ऑपरेटर. सभागृहाच्या मागच्या बोळवजा जागेतून एक लोखंडी जिना वर जायचा, सात पायऱ्यांचा, आणि त्या सात पायऱ्यांवरच्या खोलीत ऑपरेटर प्रोजेक्टरशेजारी बसायचा.

अध्यक्षांना सिनेमा आवडत नव्हता असं कोणी समजू नये. आवडायचा, म्हणूनच पंचाईत होती. सिनेमा सुरू झाला की दहाव्या मिनिटाला त्यांचा डावा गुडघा हलायला लागायचा, अकराव्याला उजवा. पडद्यावर एखादी बाई किटली ठेवून नुसती खिडकीकडे गेली तरी हे खुर्चीच्या कडेला सरकत. किटली उतू जाणार, बाईला भाजणार, नाहीतर खिडकीतून तिला असं काही दिसणार की पुन्हा किटलीकडे यायचं कारणच उरणार नाही. दिग्दर्शकानं यांतलं काय ठरवून ठेवलंय ते कळेपर्यंत हात बांधून बसायचं, हे त्यांच्याच्यानं होत नसे. बाकीच्यांना हे बघवतं कसं, याचं त्यांना नवल वाटे. सभासदांतले दाताचे डॉक्टर तर चक्क घोरत.

त्यात त्यांची हयात गेली वजनमापं निरीक्षक म्हणून. एकतीस वर्षं दुकानादुकानांतून हिंडून काटे तपासायचे. दुकानदारानं पुढे केलेल्या खुर्चीवर निरीक्षक एकदा बसला की मग तो दुकानदाराचाच झाला, असं त्या खात्यात मानत. अध्यक्ष एकतीस वर्षांत एकदाही बसले नाहीत. निवृत्तीच्या समारंभातही ते खुर्चीच्या पाठीला हात लावून उभे होते.

तर पद्धत अशी होती. एका रविवाराआड सकाळी दहा वाजता दिवे मालवायचे. अध्यक्षांची जागा शेवटच्या रांगेत, दारालगत. 'सभागृहावर लक्ष ठेवायला बरं पडतं,' असं ते सांगत. अकराव्या मिनिटाला ते कोट काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवत आणि दारातून सटकत. त्या कोटानं बावीस वर्षं जागतिक सिनेमाचा जो कसून अभ्यास केला, त्याला तोड नाही. अध्यक्ष बाहेर दाराला कान लावून फेऱ्या मारत. आतले आवाज ऐकत. पावलं, भांडी, रेल्वेच्या शिट्ट्या, परक्या भाषेतली भांडणं. नावं वर सरकायला लागली की ऑपरेटर जिन्यावर येऊन घटना सांगे. पाच वाक्यांत. सहाव्या वाक्याला त्याचा विरोध होता.

"म्हातारा गावी जातो. घर विकलेलं असतं. नवा मालक स्वभावानं चांगला निघतो. त्यानं जास्तच वाईट वाटतं. कुत्रं शेवटपर्यंत जिवंत आहे."

"कुत्र्याचं बरं सांगितलंस," अध्यक्ष म्हणत, आणि आत जाऊन कोट अंगावर चढवून पंचवीस मिनिटं बोलत. म्हाताऱ्याच्या पावलांबद्दल. नव्या मालकाच्या घरात घड्याळाची टिकटिक कशी जरा जोरात ऐकू येते त्याबद्दल. लोक माना डोलवत. ज्यांनी दोन तास डोळे फाडून सिनेमा पाहिलेला असे, त्यांना ते घड्याळ ऐकूच आलेलं नसे. "अध्यक्ष कानांनी सिनेमा पाहतात," असं वकील सगळ्यांना सांगायचे. वकील म्हणजे मंडळाचे कार्यवाह, देहानं दोन खुर्च्यांचे. हे वाक्य इतकं खरं होतं की ऐकलं की अध्यक्षांना घाम फुटे.

हे असंच सुखासमाधानानं चाललं असतं. पण अध्यक्षांच्या मुलीनं सिनेमा काढला.

मुलगी तेहतीस वर्षांची. विमा कंपनीतली कायमची नोकरी सोडून तिनं पाच वर्षं त्या सिनेमासाठी घातली. एक तास चौतीस मिनिटं. चार परदेशी महोत्सवांत दाखवून झाला आणि आता पहिल्यांदा घरच्या मंडळात, येत्या रविवारी. सोमवारी तिचा फोन आला.

"बाबा, रविवारी तुम्ही माझ्या शेजारी बसायचं."

"बसतो की. म्हणजे मागे..."

"मागे नाही. सहावी रांग, मधोमध. लहानपणी कधी शेजारी बसू दिलं नाहीत मला. 'अध्यक्ष मागे बसतात.' पुढच्या रांगेत आईजवळ बसून मान वळवून वळवून बघायचे तुमच्याकडे. नुसता कोट दिसायचा अंधारात."

"हो का?" अध्यक्ष म्हणाले. फोनची वायर असती तर तिला पीळ पडला असता, इतक्या त्यांच्या खोलीभर फेऱ्या चालू होत्या.

"ऐका ना. कोण काय म्हणेल याचं मला काही नाही. परदेशात टाळ्या वाजवल्या लोकांनी, ते वाजवतातच. पण तुम्हाला दिसतं ना, ते कोणाला दिसत नाही. माझा सिनेमा नीट बघेल असा एकच माणूस आहे. मी त्याच्यासाठीच केलाय. उठून कुठे जायचं नाही हं मधे!"

शेवटचं ती हसत म्हणाली. अध्यक्षही हसले. फोन ठेवून त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती निवृत्त परिचारिका. माणसाचा चेहरा बघून ताप किती ते सांगायची.

"सांगून टाका तिला खरं," ती म्हणाली.

"आता? बावीस वर्षांनी?"

"मग बसा."

"चौऱ्याण्णव मिनिटं?"

"मला बाळंतपणात एकोणीस तास लागले होते. तेव्हाही तुम्ही बाहेर फेऱ्याच मारत होता."

मंगळवारपासून सराव सुरू झाला. जेवण्याच्या टेबलावर मुलीचा जुना लॅपटॉप, समोर अध्यक्ष, बाजूला बायको हातात घड्याळ धरून. बायकोनं मुद्दाम शांत सिनेमा निवडला होता. बेल्जियमचा, जुना, ज्यात एक माणूस दाढी करतो.

"यात काही होत नाही," ती म्हणाली. "मी पाहिलाय. नुसती दाढी करतो."

नवव्या मिनिटाला अध्यक्ष उठले.

"आता काय झालं?"

"वस्तरा आहे अगं त्याच्या हातात!"

"दाढी काय चमच्यानं करेल?"

"गळ्याकडे आलाय. मी जरा पाणी पिऊन येतो."

बुधवारी अकरा मिनिटं. गुरुवारी बायकोनं इराणचा नवा सिनेमा लावला, दोन शेजाऱ्यांच्या भिंतीवरून भांडणाचा, आणि आपला पाय त्यांच्या गुडघ्यावर टाकून ठेवला. चौदा मिनिटं. मग ते पायासकट उठले. शुक्रवारी तिनं पुन्हा दाढीवाला सिनेमा लावला, लोकरीची लड काढली, अध्यक्षांचे दोन्ही हात पुढे घेऊन त्यांत अडकवली आणि स्वतः गुंडा करायला बसली. हात अडकलेला माणूस उठू शकत नाही. उठलाच तर लोकर गुंतते, आणि बायकोची लोकर गुंतवण्यापेक्षा सिनेमा बघणं परवडतं. त्या दिवशी अडतीस मिनिटं झाली. अध्यक्षांना वस्तऱ्यानंतरही त्या माणसाचं आयुष्य आहे हे कळलं. त्याला एक भाऊ होता, आणि भाऊ कानानं अधू होता. ते इतके हरखले की लड हातात तशीच घेऊन उभे राहिले.

"रविवारी ही लड नेऊ या," ते म्हणाले.

"तुम्ही अध्यक्ष आहात हो. जरा लाज ठेवा."

शनिवारी ते ऑपरेटरला गाठायला गेले. ऑपरेटर रागावलेलाच बसला होता. पूर्वी रिळं यायची, पत्र्याचे डबे यायचे, कामाला वजन होतं. आता एक काडेपेटीएवढी वस्तू येते आणि आपण बटण दाबतो, हे त्याचं दुःख होतं.

"मुलगी फाइल देऊन गेली ना?" अध्यक्षांनी विचारलं.

"गेली. तपासूनही झाली. आवाज सुरेख आहे."

"म्हणजे तू पाहिलास."

"पाहिला."

"मग सांग ना. म्हणजे मला आधीपासून माहीत असेल, मग भीती वाटणार नाही. पाच वाक्यांत."

ऑपरेटरनं चष्मा काढून पुसला. परत डोळ्यांवर चढवला.

"नाही सांगायचा."

"का रे?"

"पोर्तुगालच्या, पोलंडच्या माणसांचं सांगितलं, ती काय विचारायला येणार नव्हती. ही आपली पोरगी. हिचं मी पाच वाक्यांत सांगितलं तर मला तिला तोंड दाखवायची लाज वाटेल. बसा की एक दिवस, अध्यक्ष. दाताच्या डॉक्टरकडे नाही बसत?"

"तिथे तो दाबून धरतो."

"मग वकिलांना सांगा, शेजारी बसून दाबून धरतील."

रविवारी सभागृह भरलं. सहाव्या रांगेत मधोमध अध्यक्ष. डावीकडे बायको, उजवीकडे मुलगी, मुलीच्या पलीकडे वकील, म्हणजे तो रस्ता बंदच. मुलीनं वडिलांच्या हातावर हात ठेवला. हात गार होता. दिवे मालवले.

सिनेमा एका लाँड्रीत सुरू झाला. एक बाई इस्त्री करतेय. टेबलाखाली तिची आठ-नऊ वर्षांची मुलगी बटणांचा डबा घेऊन बसलीय. कोणी बोलत नाही. नुसती वाफेची फुसफुस आणि बटणांचा खुळखुळाट. अध्यक्षांनी तो आवाज ऐकला आणि त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. मग त्यांची नजर इस्त्रीवर गेली. इस्त्री टेबलाच्या कडेला होती. खाली मुलीचं डोकं.

डावा गुडघा हलायला लागला. बायकोनं त्यावर पर्स ठेवली. ती पर्सही हलायला लागली.

तेवढ्यात उजवीकडचा हात निघाला. "बाबा, आलेच मी," मुलगी पुटपुटली आणि वाकून वकिलांच्या गुडघ्यांवरून पलीकडे गेली. दार उघडल्याची उजेडाची फट पडली, मिटली.

अध्यक्षांना वाटलं फोन असेल. पडद्यावर बाईनं इस्त्री उचलून नीट बाजूला ठेवली, मुलीच्या केसांवरून हात फिरवला आणि कोट घालून बाहेर गेली. संध्याकाळ झाली. बाई आली नाही. मुलीनं बटणं रंगांप्रमाणे लावली. मग आकारांप्रमाणे. अध्यक्षांनी शेजारी पाहिलं. खुर्ची रिकामी. पडद्यावरची बाई येईना आणि शेजारची मुलगी येईना. दोन्हीकडून वाट बघायची म्हणजे माणसानं करायचं काय? पुढच्या रांगेत दाताचे डॉक्टर खोकले. अध्यक्षांनी बूट काढले. पुन्हा घातले. नाड्यांची गाठ मारली, ती आवडली नाही, सोडली.

"किती झाली?" त्यांनी बायकोला विचारलं.

"छत्तीस."

"लोकरीशिवाय?"

"लोकरीशिवाय. ती कुठे गेली?"

"तेच तर."

"अर्धा तास होत आला. बघून या जा," बायको म्हणाली. आणि मग जरा थांबून, त्यांच्या बाहीला धरून, "पण परत या."

वकिलांच्या गुडघ्यांवरून जाताना वकील दचकून म्हणाले, "अध्यक्ष! तुम्ही? मधेच?"

"सभागृहावर लक्ष," अध्यक्ष म्हणाले.

मुलगी बाहेर दाराशीच होती. दाराच्या लाकडाला कान लावून, एक हात जिन्याच्या कठड्यावर, आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. अध्यक्ष जागच्या जागी थांबले. ती जागा त्यांची होती. फरशीचा तो चौकोन बावीस वर्षांत त्यांच्या बुटांनी झिजला होता आणि मुलगी बरोब्बर त्यात उभी होती.

"काय झालं गं? बरं नाही का?"

"तुम्ही कशाला उठलात?" ती जवळजवळ ओरडली, मग आवाज खाली घेतला. "किती वेळ झाला? कुठपर्यंत आलंय? ती बटणं आकारांप्रमाणे लावते तिथे कोणी हसलं का?"

"तू का बाहेर?"

"मला बघवत नाही." तिनं कपाळ दाराला टेकवलं. "चारही महोत्सवांत नाही बसू शकले. दहा मिनिटं झाली की पाय... काय सांगू तुम्हाला. एका ठिकाणी तर आग लागली तर पळायच्या बाहेरच्या जिन्यात उभी होते, थंडीत. लोकांना सांगते फोन आला होता. आज म्हटलं, बाबा शेजारी असतील, बाबांना बघून बसेन. तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही बावीस वर्षं एका जागी बसून..."

अध्यक्षांनी खिशात हात घातला, काढला. आतून वाफेची फुसफुस ऐकू येत होती. गप्प राहिलं असतं तर निभलं असतं. बावीस वर्षं निभलं होतं, अजून पन्नास मिनिटं निभायला काय हरकत होती? पण मुलीचा पाय हलत होता, डावा, आणि तो पाय बघून त्यांना खोटं बोलणं जमेना.

"मी नाही बसलो," ते म्हणाले.

"आज?"

"कधीच. मी इथे असायचो. तू आहेस तिथे."

मुलीनं वळून पाहिलं. आधी तिला वाटलं, बाबा समजूत घालताहेत.

"तो कोट असायचा आत," अध्यक्ष म्हणाले.

"सगळे सिनेमे?"

"पहिली दहा मिनिटं सगळ्यांची पाहिलीत. आवडला तर अकरा."

"तो पोलंडचा, विहीर खणणाऱ्यांचा?"

"जागा ठरवतात तिथपर्यंत."

"आणि लिफ्ट दुरुस्त करणारा? त्यावर तर तुम्ही..."

"पहिला मजला."

मग मुलीनं अगदी हळू विचारलं, "पोर्तुगालचा? मिठागराचा?"

अध्यक्षांना आठवलं. मुलगी तेरा वर्षांची असताना दाखवलेला, आई घर सोडून जाते तो. त्या दिवशीच्या भाषणाची आठवण लोक अजून काढत. शेवटी आई परत येते, दार वाजवत नाही, दाराकडे पाठ करून पायरीवर बसून राहते, आत मुलीला पत्ताच नसतो, आणि सिनेमा संपतो. त्या पायरीवर ते सोळा मिनिटं बोलले होते. दोन बायका रडल्या होत्या.

"तो ऑपरेटरनं सांगितला. आई परत येते म्हणाला. पायरीचं मी... दारामागून कोणी बसल्यासारखा आवाज आला होता."

"बाबा." मुलीनं कठडा सोडला. "मी तो सिनेमा अकरा वेळा पाहिलाय. त्यात आई परत येत नाही."

दोघांनी वर पाहिलं. जिन्याच्या वरच्या टोकाला ऑपरेटर बाहेर आलेला होता. त्यानं बहुधा सगळंच ऐकलं होतं.

"खोलीतल्या दिव्याचा फ्यूज गेला होता हो त्या दिवशी," तो म्हणाला. "शेवटची चार मिनिटं मी मीटरच्या पेटीपाशी होतो. पावलं वाजली, दार वाजलं. म्हटलं, आईच असणार. दुसरं कोण येतंय?"

"आणि आत शंभर माणसं बसली होती!" मुलगी म्हणाली. "त्यांनी पाहिला ना शेवट? एकजण बोलला नाही?"

"त्यांना वाटलं, अध्यक्षांना दिसला म्हणजे असणार," ऑपरेटर म्हणाला. "वकील मला विचारायला आले होते, 'मला शेवटी डुलकी लागली होती का' म्हणून."

मुलगी हसली नाही. तिनं दोन फेऱ्या मारल्या, भिंतीपर्यंत आणि परत.

"मला वाटायचं माझेच डोळे कच्चे आहेत," ती म्हणाली. "तेरा वर्षांची होते, म्हटलं माझं लक्ष नसेल. पुढे कॉलेजात शोधून काढला, पुन्हा पाहिला, पायरी नाही. म्हटलं, ही कापलेली प्रत असेल. विमा कंपनीत जेवायच्या सुट्टीत मी त्या शेवटाचा विचार करत बसायचे. ती आई उठेल का? दार वाजवेल का? नोकरी सोडली मी त्या पायरीसाठी, बाबा. कोणाच्याच सिनेमात मिळेना, म्हणून मग मी स्वतः केला."

"म्हणजे आत..."

"आत शेवटी ती बाई परत येते. पायरीवर बसते."

माफी मागावी तर कशाची मागावी, हे अध्यक्षांना नीट ठरवता येईना.

"रागावलीस?"

"खूप. नंतर नीट रागावणार आहे. आता तुम्ही आत जा."

"तू चल ना."

"मला नाही जमणार. मी त्या बाईला काय करायला लावलंय ते मला माहितीये ना, म्हणूनच बघवत नाही. पण कोणीतरी आपल्या माणसानं बघायला पाहिजे. आई तर बघते आहेच, पण आई मला चांगलंच म्हणणार. जा. आणि बाहेर येऊन मला सांगा, खरं."

वकिलांनी पाय पोटाशी घेतले. "अध्यक्ष, एकदा काय ते ठरवा," ते कुजबुजले.

अध्यक्ष बसले. खरं सांगायचं तर या वेळी त्यांना जरा धीर होता. शेवट त्यांना माहीत होता. शेवट त्यांचाच होता. पडद्यावर मुलगी मोठी झाली होती, लाँड्री आता ताब्यात घेत होती, आणि अध्यक्ष आयुष्यात प्रथमच गुडघे न हलवता बघत होते. कधीतरी बाई आली. केस पिकलेले, तोच कोट. जिना चढली. दाराशी थांबली, हात वर केला, खाली घेतला, पायरीवर बसली. अध्यक्षांनी वीस वर्षांपूर्वी तिला दाराकडे पाठ करून बसवलं होतं. मुलीनं तिला दाराकडे तोंड करून बसवलं होतं. हेच बरोबर, असं त्यांना वाटलं, आणि ते नावं यायची वाट बघू लागले.

नावं येईनात.

बाई बसूनच होती. आतून इस्त्रीची फुसफुस. पुढे काहीतरी होतं, आणि ते काय हे अध्यक्षांना ठाऊक नव्हतं. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी सांगणार नव्हतं. दोन्ही गुडघे एकदम सुटले. त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली. दाताच्या डॉक्टरांची मान हलायला लागली तरी सोडली नाही. ती उठून गेली तर? आतल्या मुलीनं खिडकीतून पाहिलं आणि कडी लावून घेतली तर? दाराकडे जायचा रस्ता त्यांना अंधारातही पाठ होता. ते अर्धवट उठलेही. बायकोनं धरलं नाही. तिनं नुसतं पडद्याकडे बघत राहून म्हटलं, "मीही हे पाहिलेलं नाही."

ते परत बसले.

दार उघडलं. आतली मुलगी बादलीभर पाणी ओतायला बाहेर आली होती. तिनं बाईला पाहिलं. बादली तशीच हातात. कोणी काही बोललं नाही, किती तरी वेळ. मग मुलीनं पाणी जिन्याच्या कडेनं, बाईच्या पायांना लागणार नाही असं ओतलं, आणि दार उघडं ठेवून आत गेली.

अंधार. नावं.

टाळ्या वाजल्या, दिवे लागले. दाताचे डॉक्टर मान चोळत मागे वळून म्हणाले, "पण संदेश काय?" वकिलांनी माईक पुढे केला. सभागृह भाषणासाठी सरसावून बसलं. बाया पर्सा बंद करून तयार झाल्या.

"बाई परत येते," अध्यक्ष माईकवर म्हणाले. "मुलगी दार उघडते. पाणी तिच्या पायांना लागू देत नाही."

लोकांनी वाट पाहिली. अध्यक्षांनीही पाहिली. पावलांबद्दल, वाफेबद्दल, त्या लांबलेल्या शांततेबद्दल काहीतरी सुचेल असं त्यांना वाटलं होतं. सुचलं नाही. पाहिलेल्या सिनेमावर बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"एवढंच," ते म्हणाले आणि माईक परत दिला.

"आज काही खरं नाही अध्यक्षांचं," वकील बाहेर पडताना कुणाला तरी सांगत होते. "स्वतःच्या मुलीचाच सिनेमा नेमका डोक्यावरून गेला."

मुलगी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसली होती. वरच्या पायरीवर ऑपरेटर. अध्यक्ष समोर उभे राहिले, तिनं सरकून जागा केली तेव्हा बसले.

"टाळ्या ऐकल्या," ती म्हणाली. "टाळ्यांचं सोडा. भाषण तर मला ऐकूच आलं नाही."

"नव्हतंच."

"वाईट झालाय का?"

"मधे लांबलाय. ती लाँड्री ताब्यात घेते तिथे."

"ते मला माहितीये," मुलगी एकदम म्हणाली. "सात मिनिटं. सगळे म्हणाले ठेव. पुढे?"

अध्यक्षांनी सांगितलं. कोण कुठे हललं, कुठे खोकलं, बाई जिना चढायला लागली तेव्हा मागून कोणीतरी 'अगंबाई' म्हणालं ते. मुलगी एकेक विचारत होती. दोघांचेही पाय हलत होते, आणि लोखंडी जिना त्यामुळे बारीक वाजत होता.

"आणि दार उघडतं तेव्हा? तेव्हा लोक काय करत होते?"

"तेव्हाचं काही सांगता यायचं नाही," अध्यक्ष म्हणाले. "मी लोकांकडे बघत नव्हतो."